आधी ब्रिज का बसत नाही ते शोधू, मग स्कॅनरचं बोलू

पत्राचा गोषवारा : सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या ३६ वर्षांच्या दंतवैद्याचं हे पत्र. बीडीएसनंतर त्यांनी एक वर्षाचा इम्प्लांटचा (दाताच्या जागी हाडात बसवायच्या कृत्रिम मुळाचा) कोर्स केला. महिन्याला साधारण ५ इम्प्लांट आणि १५ कॅप-ब्रिज होतात. सर्जरीला कोल्हापूरहून कन्सल्टंट येतात, दात बसवायचं काम हे स्वतः करतात. वर्षभरापूर्वी एका निवृत्त एसटी कंडक्टरना खाली उजवीकडे सलग तीन इम्प्लांट बसवले. त्यावरचा स्क्रूचा ब्रिज (एकमेकींना जोडलेल्या कॅप) दोनदा नव्याने केला, तरी नीट बसत नाही आणि स्क्रू तीनदा सैल झाला. लॅब म्हणते माप चुकलं, यांना वाटतं लॅब चुकली. अशात एका कंपनीच्या प्रतिनिधीने तोंडात फिरवायच्या स्कॅनरचा डेमो दाखवला आणि ११ लाखांचं कोटेशन दिलं. पुण्यातला वर्गमित्र म्हणतो, ट्रेमध्ये पुट्टी भरून माप घ्यायचे दिवस संपले. वडील मुदत ठेव मोडून पैसे द्यायला तयार आहेत, पत्नीचा विरोध आहे. स्कॅनर आला की माप चुकणार नाही, शिवाय सर्जिकल गाइड (ड्रिलला जागा दाखवणारा, दातांवर बसवायचा साचा) करून सर्जरीही स्वतः करता येईल, असा त्यांचा हिशेब आहे. ते विचारतात, "घेऊ का? नाही घेतला तर मी मागे पडेन का?"

प्रिय डॉक्टर,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात स्कॅनरबद्दल दोन पानं आहेत आणि कंडक्टरकाकांबद्दल सहा ओळी. मी त्या सहा ओळींपासून सुरुवात करते, कारण तुमच्या ११ लाखांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या काकांच्या तोंडात आहे असं मला वाटतं.

तुम्ही लिहिलंय, 'स्कॅनर असता तर हा ब्रिज पहिल्याच वेळी बसला असता.' हे तुम्ही धरून चालला आहात, अजून तपासलेलं नाही. दुसऱ्यांदा ब्रिज केला तेव्हा माप नव्याने घेतलं होतं, की जुन्याच मॉडेलवर काम झालं? पत्रात उल्लेख नाही. आणि माझा पहिला प्रश्न तर मापाचा नाहीच. ब्रिजमधल्या अ‍ॅबटमेंटना हेक्स होता का?

इतर वाचकांसाठी थोडं सांगते. कॅप किंवा ब्रिज इम्प्लांटला जोडणारा मधला भाग म्हणजे अ‍ॅबटमेंट. एकट्या इम्प्लांटवर एकटी कॅप असते तेव्हा ती स्वतःभोवती फिरू नये म्हणून तिच्या बुडाला इम्प्लांटच्या सहा कोनी खाचेत बसेल असा भाग असतो. तोच हेक्स. पण तीन कॅप एकमेकींना जोडल्या की त्या फिरण्याचा प्रश्नच उरत नाही. उलट तीन इम्प्लांट हाडात एकमेकांशी अगदी समांतर नसले, आणि ते सहसा नसतातच, तर तीन हेक्स एकाच वेळी आत जाऊ शकत नाहीत. एक बसतो तोवर दुसरा अडतो. लॅबमधल्या मॉडेलवर तो ब्रिज बसल्यासारखा वाटतो, कारण प्लास्टरमध्ये इम्प्लांटच्या जागी बसवलेला अ‍ॅनालॉग केसभर सरकून घेतो. हाडातला इम्प्लांट सरकत नाही. म्हणून ब्रिजसाठी नॉन-हेक्स अ‍ॅबटमेंट मागवायचे असतात. लॅबला पाठवलेल्या चिठ्ठीत ते लिहिलं नसेल, तर लॅबने हाताशी होते ते वापरले असण्याची दाट शक्यता आहे. या चुकीवर जगातल्या कुठल्याही स्कॅनरकडे औषध नाही. स्कॅन कितीही चोख झाला तरी चुकीचा भाग निवडला की ब्रिज अडणारच.

हेक्स नसेल, तर पुढचा संशय शेजारच्या दातावर. पुढच्या दाताशी ब्रिजचा कॉन्टॅक्ट घट्ट असेल तर पूर्ण ब्रिज त्यावरच लटकून राहतो आणि आपण इम्प्लांटला दोष देत बसतो. फ्लॉस घालून बघा; फाटत असेल किंवा जातच नसेल तर कॉन्टॅक्ट घासून पुन्हा बसवा. त्यानंतर हिरडी. सगळ्यात मागच्या इम्प्लांटच्या काठावर हिरडीचा पापुद्रा किंवा हाडाचा कण आला की तेवढ्यानेही ब्रिज वर राहतो.

आता एका स्क्रूची परीक्षा. कोर्समध्ये शिकवली असेल, पण घाईत आपण ती सोडून देतो. ब्रिज ठेवा, फक्त एका टोकाचा स्क्रू हाताने आवळा, बाकी दोन रिकामे. आता दुसऱ्या टोकाला आरव्हीजी, म्हणजे दाताचा डिजिटल एक्स-रे, घ्या. क्ष-किरण इम्प्लांटला काटकोनात पडले पाहिजेत. इम्प्लांटचे आटे दोन्ही बाजूंनी स्वच्छ दिसले तरच त्या फोटोवर विश्वास ठेवा. फोटो तिरका आला तर फट असूनही दिसत नाही. दुसऱ्या टोकाला काळी रेघ दिसली, की ब्रिज ताणून बसवला जातोय हे नक्की. मग तिन्ही स्क्रू आवळून ती रेघ नाहीशी होते आणि आपल्याला वाटतं बसला! प्रत्यक्षात तो ताण स्क्रूवर आणि हाडावर जातो. निसर्गाचा दात मुळाभोवतीच्या तंतूंमुळे दाबाखाली २५ ते १०० मायक्रॉन हलून घेतो. इम्प्लांट हलतो ३ ते ५ मायक्रॉन. चूक पोटात घालायला त्याच्याकडे जागाच नाही, म्हणून स्क्रू सैल होतो. काकांचा स्क्रू तीनदा सैल झाला, म्हणजे त्याने तीनदा निरोप दिला.

अर्थात स्क्रू सैल व्हायला साधी कारणंही असतात. टॉर्क रेंचने आवळला होता का? कंपनीने दिलेला आकडा बघा, बहुतेक ठिकाणी तो २५ ते ३५ न्यूटन-सेंटिमीटर असतो. एकदा आवळल्यावर दहा मिनिटं थांबून पुन्हा त्याच आकड्याला आवळावा लागतो, कारण पहिल्या आवळण्यात धातूचे बारीक उंचवटे दबून स्क्रूचा ताण थोडा उतरतो. आणि तिसऱ्यांदा सैल झालेला स्क्रू पुन्हा वापरू नका, नवा घाला. काका रात्री दात खातात का, हेही त्यांच्या घरच्यांना विचारा.

हे सगळं करूनही फट दिसली, तर मगच मापाकडे वळा. तुम्ही बंद ट्रेमध्ये पुट्टीने माप घेतलंत असं लिहिलंय. एका इम्प्लांटला ते चालून जातं. तीन तिरक्या इम्प्लांटना मी ते करणार नाही. पेशंटचा स्वतंत्र ट्रे बनवून घ्या, त्याला वरून भोक पाडा, तिन्ही कोपिंग (माप घेताना इम्प्लांटवर लावायचे भाग) पॅटर्न रेझिनने एकमेकांना जोडा. रेझिन सुकताना आकसतं, म्हणून जोड कापून थोड्याशा नव्या रेझिनने पुन्हा सांधा. मग या भोकाच्या, म्हणजे ओपन ट्रेने माप घ्या. ते लॅबमध्ये गेलं, मॉडेल झालं, की ब्रिज करायच्या आधी लॅबकडून एक जिग मागवा. जिग म्हणजे त्या मॉडेलवर तिन्ही कोपिंग जोडून केलेली छोटी पट्टी. ती काकांच्या तोंडात लावा आणि एका स्क्रूची तीच परीक्षा करा.

ही जिग तुमचं आणि लॅबचं भांडण मिटवेल. जिग तोंडात नीट बसली तर मॉडेल बरोबर, मग पुढे ब्रिज न बसल्यास चूक लॅबची. जिगच बसली नाही तर चूक मापाची किंवा त्यावरून मॉडेल ओतण्यातली. वर्षभर तुम्ही दोघं एकमेकांकडे बोट दाखवताय, कारण मधली ही पायरी कुणीच केली नाही. खर्च काही हजारांचा आहे आणि एक जादा फेरी काकांना मारावी लागेल.

आता स्कॅनरकडे येते. मी त्याच्या विरोधात नाही. माझ्या दवाखान्यात गेली काही वर्षं स्कॅनर आहे आणि तो काढून घेतला तर मला रुखरुख लागेल. उलटी येणाऱ्या पेशंटच्या तोंडात पुट्टीने भरलेला ट्रे धरून मिनिटं मोजणं संपलं. एखादा कोपरा राहिला तर तेवढाच पुन्हा घेता येतो. कुरियरच्या गाडीत माप उन्हात तापत नाही, फाइल काही मिनिटांत लॅबला पोचते आणि लॅबचा माणूस पेशंट खुर्चीत असतानाच फोन करून सांगतो, 'मॅडम, मागचा काठ दिसत नाही, पुन्हा घ्या.' एका इम्प्लांटची कॅप किंवा तीन-चार दातांचा छोटा ब्रिज यात स्कॅन आणि चांगलं पारंपरिक माप तोडीस तोड ठरतात. म्हणजे काकांच्या केसमध्ये स्कॅनर चांगलं काम करू शकला असता, हेही खरं आहे. पण तोही वर सांगितलेल्या पायऱ्या सांभाळल्या असत्या तरच.

प्रतिनिधीने तुम्हाला नव्वद सेकंदांत पूर्ण जबडा स्कॅन करून दाखवला. त्या जबड्यात सगळे दात होते ना? तिथेच फरक आहे. स्कॅनर एका वेळी तोंडाचा छोटा तुकडा बघतो आणि एकाला एक लागून असलेल्या तुकड्यांचे सारखे भाग ओळखून ते सांधत जातो. आपल्याकडे जमीन मोजायला साखळी टाकत जायचे तसं. एका साखळीत बोटभर चूक झाली तर वीस साखळ्यांनंतर ती बांधावर जाऊन पोचते. दातांना खाचा, उंचवटे, कंगोरे असतात, त्यामुळे तुकडे ओळखता येतात. दात नसलेली हिरडी मात्र सपाट, ओली आणि हलती असते. त्यात सहा इम्प्लांटवर सहा एकसारखे स्कॅन बॉडी (इम्प्लांटची जागा दाखवणाऱ्या खुंट्या) उभे केले, तर कुठला कुठला हे ओळखताना सॉफ्टवेअर गोंधळू शकतं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चूक साठत जाते. म्हणून पूर्ण जबड्याच्या जोडलेल्या कामात मी आजही जिग लावून पाहिल्याशिवाय पुढे जात नाही. त्यासाठी फोटोग्रामेट्रीचं वेगळं यंत्र मिळतं, ते इम्प्लांटची जागा एकदम टिपतं. पण महिन्याला ५ इम्प्लांट करणाऱ्याने त्याच्या मागे लागू नये.

स्कॅन बॉडी हा शब्द तुमच्या पत्रात एकदाही आलेला नाही, याची मला काळजी वाटली. इम्प्लांट हिरडीच्या आत असतो, स्कॅनरला तो दिसत नाही. त्यावर एक खुंटी आवळतात आणि स्कॅनर त्या खुंटीचा आकार वाचून आतला इम्प्लांट कुठे, किती खोल, कुठे कललेला आहे हे ठरवतो. खुंटी पूर्ण बसली नाही तर स्कॅनर चुकीची जागा अतिशय सुबकपणे टिपतो. माझ्याकडे हे घडलंय. वरच्या एका दाढेवर स्कॅन बॉडीखाली हिरडीचा पापुद्रा अडकला होता. पडद्यावर चित्र इतकं देखणं होतं की मी आरव्हीजी घेतलाच नाही. कॅप आली ती उंच, चावताना आधी तीच लागणारी. चूक माझी होती, कॅप नव्याने केली आणि पेशंटकडून पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून स्कॅन बॉडी लावल्यावर फोटो घेतल्याशिवाय स्कॅनर हातात घेत नाही. खुंटी बोटाने आवळायची, रेंचने जोर काढायचा नाही. प्लास्टिकच्या स्कॅन बॉडी पुन्हा पुन्हा ऑटोक्लेव्ह करून झिजतात, त्या बदलायच्या. आणि तुम्ही वापरता त्या इम्प्लांटची, त्याच व्यासाची लायब्ररी (त्याच्या आकाराची डिजिटल माहिती) लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे का, हे आधी विचारायचं. स्वस्त इम्प्लांट वापरणाऱ्या बऱ्याच डॉक्टरांची गाडी इथेच अडते.

शिवाय हीलिंग कॅप (इम्प्लांटवर हिरडीशी लावून ठेवलेलं तात्पुरतं झाकण) काढली की काही मिनिटांत हिरडी आत मिटायला लागते. म्हणून आधी ती कॅप ठेवून बाकीचा जबडा स्कॅन करून घ्यायचा, मग कॅप काढून लगेच हिरडीचा आकार, आणि शेवटी स्कॅन बॉडी. खुर्चीवरचा मोठा दिवा बाजूला वळवायचा, तोंड कोरडं ठेवायचं, चकाकणाऱ्या धातूच्या कॅपपाशी सावकाश जायचं. हा सराव आहे, तो विकत मिळत नाही. पहिले दोन महिने तुम्हाला ट्रेपेक्षा स्कॅनला जास्त वेळ लागेल, ते धरून चला.

सर्जरीबद्दलचा तुमचा हिशेब मला सगळ्यात जास्त खटकला. तुम्ही लिहिता, 'गाइड असला की ड्रिल चुकणारच नाही, मग दर वेळी कन्सल्टंट कशाला?' गाइड होतो कसा ते बघा. सीबीसीटीत (जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेत) हाड दिसतं, पण दात आणि हिरडीचा काठ नीट दिसत नाही. स्कॅनमध्ये दात आणि हिरडी दिसते, हाड दिसत नाही. सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही एकमेकांवर बसवतात, आणि ते दातांच्या खुणा जुळवून बसवतात. पेशंटच्या तोंडात चार-पाच धातूच्या कॅप असतील तर सीबीसीटीत त्यांच्याभोवती किरणांचा फराटा उठतो आणि जुळवणी चुकते. मग प्रिंटिंगमधली चूक, गाइड दातांवर पूर्ण न टेकण्याची चूक, ड्रिल आणि स्लीव्ह (गाइडमधली ड्रिल जायची नळी) यांच्यातली सुटी जागा. हे सगळं बेरजेला येतं. गाइड वापरून केलेल्या शस्त्रक्रियांचे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा ठरवलेल्या जागेपासून सरासरी फरक इम्प्लांटच्या वरच्या तोंडाशी १.२ मिलिमीटर, हाडातल्या टोकाशी १.४ मिलिमीटर आणि कलण्यात साडेतीन अंश असा निघाला. ही सरासरी आहे. काही केसमध्ये फरक याहून जास्त असतो. खालच्या जबड्यात नसेपासून २ मिलिमीटर अंतर राखायचं ते यासाठीच. त्या दोनातले दीड मिलिमीटर गाइडनेच खाल्ले तर पेशंटचा ओठ बधिर व्हायला फार काही लागत नाही.

मोकळ्या हाताने होते त्यापेक्षा गाइडने जागा अधिक नेमकी साधते, हे मी मानते आणि स्वतः वापरते. पण हाड मऊ लागलं तर काय, इम्प्लांट घट्ट बसला नाही तर काय, गाइडखाली पाणी पोचत नसल्याने हाड तापतंय हे हाताला कसं कळतं, कधी गाइड काढून हिरडीचा फ्लॅप उघडायचा आणि कधी आज थांबायचं, हे गाइड सांगत नाही. ते तुमच्या कोल्हापूरच्या सरांना माहीत आहे. त्यांना बंद करू नका. उलट प्लॅनिंगला त्यांच्याशेजारी बसा, गाइड बसवून त्याला ठेवलेल्या खिडक्यांतून तो दातांवर टेकलाय का हे त्यांच्यासमोर बघा, आणि पुढच्या दहा-बारा केसमध्ये ड्रिल तुमच्या हातात, सर तुमच्या बाजूला, असं मागून घ्या. चांगला कन्सल्टंट नाही म्हणणार नाही. त्यांची फी वाचवण्यासाठी यंत्र घ्यायचं, हा हिशेब मला मान्य नाही.

आपल्या भागातली आणखी एक गोष्ट प्रतिनिधी डेमोत दाखवत नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी सुपारी-गुटख्याने तोंड आखडलेले पेशंट तुमच्याकडे येत असणारच. पेशंटची स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जातात का बघा. जात नसतील, तर शेवटच्या दाढेपर्यंत स्कॅनरचं टोक पोचणं अवघड, आणि गाइडचा लांब ड्रिल तर त्याहून अवघड. दुसरीकडे, अशाच काही पेशंटना मोठा ट्रेही जात नाही आणि स्कॅनरचं बारीक टोक जातं. म्हणून स्कॅनर बघताना टोकाची जाडी बघा. तुमच्या पेशंटसाठी ती नव्वद सेकंदांच्या वेगापेक्षा महत्त्वाची आहे.

'मागे पडेन का?' हा प्रश्न तुम्ही पत्राच्या शेवटी, जरा लाजत विचारलाय. लाजू नका, ही भीती माझ्या वयाच्या डॉक्टरांनाही आहे. पण फ्रान्समधल्या फ्रांस्वा द्युरे यांनी दातांचं माप प्रकाशाने घ्यायची कल्पना आपल्या प्रबंधात मांडली १९७३ साली. झुरिकमध्ये व्हेर्नर म्योरमान आणि मार्को ब्रँडेस्टिनी यांच्या यंत्राने स्कॅन करून त्याच बैठकीत सिरॅमिकचं पहिलं फिलिंग बसवलं गेलं १९८५ साली. म्हणजे ही गाडी चाळीस वर्षं धावते आहे. ती पुढच्या सोमवारी सुटत नाही. आणि स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांनी १९६५ साली ज्यांना पहिले टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले, त्या गृहस्थांनी ते चाळीस वर्षं, मरेपर्यंत वापरले. तिथे स्कॅनर नव्हता.

शिवाय तुम्ही डिजिटल नाही, हे तरी कुणी सांगितलं? तुमची लॅब तुमच्या मापावरून मॉडेल करते, ते टेबलावरच्या स्कॅनरखाली ठेवते आणि ब्रिज संगणकावर आखून मिलिंग किंवा धातूच्या प्रिंटिंगला पाठवते. विचारून बघा. तसं असेल तर निम्मं काम आधीच डिजिटल आहे, फक्त स्कॅन तोंडाऐवजी मॉडेलचा होतो. काही शहरांत लॅबचा माणूसच स्कॅनर घेऊन दवाखान्यात येतो. कराड, सातारा, कोल्हापूरच्या लॅबना फोन करा. महिन्याचे ५ इम्प्लांट दोन दिवसांत जमवून त्याला बोलावता आलं, तर सहा महिन्यांत स्वतःच्या पेशंटवर, स्वतःच्या हाताने शिकून होईल. तालुक्यातले तीन डॉक्टर मिळून एक यंत्र घेणं हाही मार्ग आहे. मात्र ने-आण झाली की कॅलिब्रेशन करायचं, आणि पडलं तर भरपाई कोण करणार हे आधी कागदावर लिहायचं.

पैशांचं सरळ गणित मांडते. ११ लाख, पाच वर्षं, १२ टक्के व्याज धरलं तर हप्ता साडेचोवीस हजारांच्या आसपास येतो. तुमची महिन्याची वीसेक कामं धरली तर प्रत्येक स्कॅनमागे बाराशे रुपये हप्त्याचेच झाले. त्यावर वार्षिक फी, टोकं, दणकट लॅपटॉप, इन्व्हर्टर. पुट्टी, ट्रे आणि कुरियरवर आज एका केसमागे किती जातात, ते तुमच्या वहीत बघा. पुन्हा घ्यावी लागलेली मापं आणि परत केलेल्या कॅप यांचाही खर्च त्यात प्रामाणिकपणे धरा. वर्षभराची ती यादी काढल्यावर कदाचित दिसेल की पंधरा कॅपपैकी तीन परत होतात, आणि मग यंत्र परवडतं. कदाचित दिसेल की एक ब्रिज सोडला तर फारसं काही परत होतच नाही. आज तुम्ही एका दुखऱ्या केसवरून ११ लाखांचा निर्णय घेताय. पत्नी विरोध करताहेत असं लिहिलंत. मला वाटतं त्या हा हिशेबच मागताहेत. यादी काढायला त्यांनाच सोबत घ्या.

घ्यायचं ठरलंच, तर डेमो पुन्हा मागा. या वेळी प्लास्टिकच्या जबड्यावर नको. तुमच्या ओल्या तोंडाच्या, जीभ हलवणाऱ्या, मागे धातूची कॅप असलेल्या पेशंटवर. तोच भाग तीनदा स्कॅन करा आणि तिन्ही फाइल लॅबला एकमेकांवर ठेवून बघायला सांगा. तीन स्कॅन आपसात जुळले नाहीत तर यंत्र किंवा हात डळमळीत आहे. जुळले तरी ते खऱ्या मापाशी जुळतात असं नाही, एकच चूक तीनदा होऊ शकते. त्यासाठी एका केसमध्ये जिग लावून बघा. फाइल एसटीएल किंवा पीएलवायमध्ये (कुठल्याही लॅबला उघडता येणाऱ्या प्रकारात) बाहेर काढता येते का, की त्यांच्याच क्लाउडमध्ये आणि त्यांच्याच लॅबकडे जावं लागतं? फी भरली नाही तर यंत्र चालू राहतं का? दुरुस्तीला गेलं तर बदली यंत्र किती दिवसांत देतात? हे तोंडी नको, कोटेशनवर लिहून घ्या. टोक किती वेळा ऑटोक्लेव्ह होतं हेही विचारा, आणि तेवढी टोकं घ्या की दोन पेशंटच्या मध्ये निर्जंतुकीकरणाची घाई करावी लागणार नाही.

वडिलांची ठेव मोडू नका. हे मी जरा जोर देऊन सांगते. बँकेचं कर्ज फेडता येत नसेल तर यंत्र परवडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. वडिलांच्या पैशांनी ते परवडायला लागत नाही, फक्त तोटा घरात येतो.

काकांना या आठवड्यात बोलवा. त्यांना सांगा की ब्रिज नीट बसलेला नाही, कारण आपण शोधतो आहोत, आणि या शोधण्याचे व नव्या कामाचे पैसे त्यांना द्यावे लागणार नाहीत. वर्षभर ते येत राहिले, दुसरीकडे गेले नाहीत. खरं ऐकण्याचा त्यांचा हक्क आहे. त्यांच्यासमोरच ब्रिज काढा आणि बूड उलटं करून बघा, हेक्स आहे की नाही ते डोळ्यांनीच दिसेल. असेल तर लॅबला फोटो पाठवा. ब्रिज धातूचा असेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर मधून कापून तोंडातच पॅटर्न रेझिनने जोडून लॅबकडून वेल्डिंग करून घेता येईल, वरचं सिरॅमिक मात्र पुन्हा करावं लागेल. झिर्कोनियाचा असेल तर तो मार्ग नाही, नव्यानेच करावा लागेल. तोवर इम्प्लांटवर हीलिंग कॅप लावून ठेवा आणि त्या बाजूने कडक भाकरी-दाणे खाऊ नका म्हणावं.

एका स्क्रूच्या परीक्षेचा आरव्हीजी मला पाठवाल तर बघून लगेच कळवते. फोटो काटकोनात घ्या.